गाडी चालू होते का, हे शेवटी विचार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं, तू घ्यायला निघालेल्या जुन्या पिकअपचे फोटोही नीट पाहिले. सेल्फ मारल्याबरोबर इंजिन लागलं, हे तू पुन्हा पुन्हा लिहिलंयस. केबिनच्या तळाबद्दल मात्र एक अक्षर नाही, कागदपत्रांबद्दल अर्धी ओळ, आणि गाडी आणून ठेवणार कुठे याचा पत्ताच नाही. उत्साह कळतो. पण जुनी पिकअप नीट करायला म्हणून घ्यायची की नाही हे ठरवताना ती चालू होते का, हा सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न असतो. विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं, म्हणूनच तो आधी बॉनेट उघडून दाखवतो.

इंजिनाचं काम मोजता येतं. माउंटिंगचे बोल्ट सोडले, चेन ब्लॉक लावला की ते बाहेर येतं. सिलिंडर किती झिजलाय, क्रँक किती झिजलाय हे मोजमाप घेऊन कळतं. रीबोअर (झिजलेला सिलिंडर कापून मोठा करणं), रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांचा खर्च काम सुरू करण्याआधी कागदावर उतरवता येतो. गंजाचा खर्च असा उतरवता येत नाही. तळहाताएवढा कुजका पत्रा कापायला घ्यावा, तर वेल्डिंग धरेल असा चांगला पत्रा सापडेपर्यंत हातभर कापत जावं लागतं, आणि मग दिसतं की आतला आधाराचा पत्रा केव्हाच गेलाय. म्हणून गोड वाजणारं इंजिन आणि कुजलेली केबिन यापेक्षा जाम इंजिन आणि धडधाकट केबिन मी कधीही पसंत करेन.

तेव्हा पुढच्या खेपेला जुने कपडे घालून जा आणि जमिनीवर आडवं व्हायची तयारी ठेव. टॉर्च, एक स्क्रूड्रायव्हर, छोटासा चुंबक आणि चिंधी, एवढं बरोबर पुरे.

पाणी कुठून शिरतं आणि कुठे साचतं, हे डोक्यात ठेवून पाहत जा. पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळ एक जाळी असते. तिच्यातून केबिनमध्ये हवा येते आणि पावसाचं पाणीही येतं. ते निघून जावं म्हणून खाली वाट ठेवलेली असते, पण वर्षानुवर्षं पाला, धूळ आणि उंदरांची घरटी साचून ती बुजते. मग पाणी आतल्या पोकळीत मुक्काम ठोकतं आणि हळूहळू पायाखालच्या पत्र्यात उतरतं. म्हणून चटई उचलायला सांग. विकणारा का-कू करायला लागला तर तुला उत्तर मिळालंच. त्यानंतर दाराखालचा पोकळ उंबरा बघ, छपराच्या कडेची पन्हाळी बघ, आणि केबिन चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, जिथे रबराच्या गाद्यांवर बसते ते आधार खाली झोपून बघ.

सगळ्यात जास्त वेळ केबिनच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना दे. स्क्रूड्रायव्हरची मूठ पुढे धरून तिथे हलके ठोक. धड पत्रा खणखणतो. कुजलेला नुसता थप् वाजतो, आतून सुटलेल्या पापुद्र्यांची सळसळ ऐकू येते, आणि दार जरा जोरात लावलं की खाली तांबडी भुकटी गळते. रंगावर कुठे फोड आला असेल तर त्याच्या आकारावर जाऊ नकोस. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसवलेले असतात तिथे तो त्यांना फाकवत जातो आणि बाहेर दिसतो तो सगळ्यात शेवटी. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं असतं ते, वरचा रंग शाबूत आणि आत पोकळ. चुंबक चिंधीत गुंडाळून (रंगावर ओरखडा नको) या सगळ्या जागांवरून फिरव. जिथे तो धरतच नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पातळ पुट्टी सगळेच लावतात, त्यात काही वावगं नाही. पण अख्खा कोपरा पुट्टीचा असेल तर तो रंग गाडीसाठी नव्हे, गिऱ्हाइकासाठी मारलाय असं समज.

चासीचं गणित वेगळं आहे. तिचा पत्रा जाड असतो, त्यामुळे वरवरचा गंज चालतो. ब्रशने घासला की खाली घट्ट लोखंड लागलं पाहिजे. पापुद्रे सुटत असतील, स्प्रिंगचे पाटे जिथे अडकवतात त्या ब्रॅकेटांभोवती भेगा असतील किंवा मागच्या ॲक्सलच्या वर कुणीतरी पट्ट्या जोडून वेल्डिंग केलं असेल, तर तिथेच नमस्कार करून परत ये. गाडी कधी आदळली होती का हेही जमिनीवरच कळतं. सपाट जागी गाडी उभी करून चासीवरच्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या-मागच्या सारख्याच भोकांतून ओळंबा सोड, जमिनीवर खडूने खुणा कर आणि कर्ण मोज. दोन्ही कर्ण जुळले नाहीत तर चासी वाकलेली आहे.

मागच्या, माल भरायच्या हौद्याची मात्र चिंता करू नकोस. फोर्डने १९२५ साली मॉडेल टी कारखान्यातूनच हौदा लावून विकायला काढली, तेव्हापासून या गाड्या ओझं वाहायलाच जन्माला येतात. पोचे आलेला हौदा हे काही व्यंग नव्हे. कित्येक जुन्या पिकअपच्या हौद्याचा तळ तर लाकडी फळ्यांचाच असायचा, फळ्या बदलल्या की झालं. हौदा केबिनपासून सुटा असतो, बोल्टवर बसतो, कधीही उतरवता येतो.

आता तुझ्या पत्रातली ती दुसरी गाडी, जी तुला निम्म्याहून कमी किमतीत मिळतेय. आधीच्या मालकाने पूर्ण उघडून ठेवलीय, सगळं खोक्यांत आहे, "फक्त जोडायची बाकी आहे" असं तो म्हणतो. तिच्या वाटेला जाऊ नकोस. उघडताना ज्याने पाहिलं त्यालाच जोडताना आठवतं. तुला कुठला बोल्ट कुठला हे कोण सांगणार? शिवाय खोक्यांत काय आहे ते दिसतं, काय नाही ते दिसत नाही. पिस्टन मिळतात. रुसतात ती बारकी मंडळी: दाराच्या काचेची पन्हाळी, छोट्या तिरक्या काचेची चौकट, डॅशबोर्डवरची पट्टी, मीटरची काच, हँडलामागची कडी. अशा एकेका वस्तूपायी माणसं महिनोन्‌महिने भटकलेली मी पाहिलीत. गाडी मळकी असू दे, फाटकी सीट असू दे, पण पूर्ण असू दे.

याच कारणासाठी पहिल्या गाडीला दुर्मीळ मॉडेलचा हट्ट नको. फोर्डची एफ मालिका १९४८ पासून चालत आलीय, १९६७ ते १९७२ मधली शेव्हरोले सी-१० आजही लोक हौसेने घडवतात. अशा गाड्यांसाठी केबिनचे कोपरे, उंबरे, पायाखालचे पत्रे नवे तयार मिळतात, माहितीपुस्तिका मिळतात, आणि अडलास तर आधी अडलेली माणसंही भेटतात. तुझ्या पत्रातली पहिली गाडी सर्रास मिळणाऱ्यांपैकी आहे म्हणून तू जरा हिरमुसलेला दिसतोस. मला विचारशील तर तीच तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

इंजिनाकडे जायचंच असेल तर गार असताना जा. तू जाण्याआधी कुणी तापवून ठेवलं असेल तर का ठेवलं ते विचार. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधट फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरत असेल, हेड गॅस्केटचा (सिलिंडरच्या वरच्या झाकणाखालच्या सांधपट्टीचा) संशय घे. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यायचं तर सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घे. आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघ. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊण हिश्शाखाली जाऊ नये. एखादा फारच पडला तर त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा घे. आकडा वर आला तर दोष रिंगांचा, नाही आला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. शेजारशेजारचे दोन एकदम पडले असतील तर मधली गॅस्केट गेलेली असण्याची शक्यता जास्त. एवढं पुरे, इंजिनावर याहून जास्त वेळ घालवू नकोस.

गाडी घेतलीसच, तर पहिलं काम ब्रेकचं, आणि यात मी ऐकून घेणार नाही. उभ्या गाडीतलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. त्यातून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच वाहिनी असायची. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि रबरी नळ्या सरसकट बदल. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नकोस, ओली करून पुसून घे. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही काढून टाक, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे त्या टिकत नाहीत. रिकाम्या दिसणाऱ्या पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग लावायचं मनातही आणू नकोस, आत वाफ असते आणि ती माणसं मारते.

टायरची नक्षी बघून फसू नकोस. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) ही अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर ते टायर २००० सालाच्या आधीचं आहे, नक्षी कितीही कोरीकरकरीत दिसू दे. जास्त भाराच्या काही जुन्या पिकअपना तुकड्यांची, बाहेरून कडं बसवलेली रिम असते. ती असली तर स्वतः टायर काढायला जाऊ नकोस. हवा भरताना ते कडं निसटून माणसं गेलेली आहेत.

कागदपत्रांची ती अर्धी ओळ मला खटकली. "कागद मिळतील" म्हणजे काय? चासीवर कोरलेला नंबर स्वतः घासून वाच आणि कागदावरच्या नंबराशी एकेक अंक ताडून बघ. कागदावर ज्याचं नाव आहे तोच विकतोय का, गाडीवर कर्ज आहे का, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे. कागद नसतील तर पत्रा कितीही चांगला असो, ती तुझ्या लेखी सुट्या भागांची रास आहे, आणि रास घ्यायला तू निघालेला नाहीस.

राहता राहिलास तू. छप्पर, वीज आणि गाडीच्या चहूबाजूंनी दार पूर्ण उघडेल एवढी मोकळी जागा, हे नसेल तर थांब. उघड्यावर गाडी नीट करता करता ती दुसऱ्या टोकाने गंजत राहते. वेल्डिंग येत नाही म्हणतोस, ते शिकता येईल, पण गाडीच्या पातळ पत्र्यावर शिकू नकोस. त्याला भोकं पडतात. आधी भंगारातल्या पत्र्यांवर हात बसव. आणि विकून पैसे निघतील हा हिशेब कृपा करून मांडू नकोस. बहुतेकांचे निघत नाहीत. हे पैसे हौसेच्या खात्यात लिहायचे, ते खातं कोरडं असेल तर वर्षभर थांबायचं.

सगळी गाडी नट-बोल्टपर्यंत उघडायचा तुझा बेत मला पसंत नाही. पहिल्या गाडीला तर नाहीच. आधी ती थांबेल अशी कर, मग वळेल अशी, मग वायरिंग, आणि मग थोडी चालव. चालवताना कळतं की गिअरबॉक्स रडतोय की नुसतं ऑइल कमी आहे. मग एका वेळी एकच भाग उघड, तो मिटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस. रंग अगदी शेवटी. अर्धवट पण चालणारी गाडी माणसाला पुन्हा कामाला बोलावते, स्टँडवर चढवलेली अर्धवट गाडी विकायला निघते. ती खोक्यांतली गाडी अशीच निघालेली आहे, माझी खात्री आहे.

विकणारा म्हणतो की उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. येऊ दे. तू आधी चटईखालचा पत्रा, केबिनचे मागचे दोन्ही कोपरे आतून-बाहेरून, मागच्या पाट्यांची ब्रॅकेटं आणि चासीचा नंबर, एवढ्यांचे फोटो काढून पाठव. बॉनेटचे पुरेत. ते पाहून मी हो की नाही ते स्पष्ट सांगतो, आणि हो म्हणालो तर गाडी आणायला बरोबर येतो.

तुझा,
काका