नऊ महिन्यांची गोवर-रुबेला लस: बाटली आधी बघायला मागा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळाला नऊ महिने झाले, गोवर-रुबेलाची लस द्यायचीय, पण सासूबाईंच्या ग्रुपवर या लसीने ऑटिझम होतो असा मेसेज फिरतोय आणि आता सरकारी लोकांवर विश्वास ठेवायचा की नाही तेच कळेना. मी नाशिकच्या पंचवटीपासून पेठपर्यंत २६ वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी नर्स म्हणून लसी दिल्यात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ऑटिझमचं आधी. लंडनच्या एका डॉक्टरचा १९९८ चा पेपर, तोही १२ मुलांवरचा, तिथून ही अफवा निघाली. २०१० मध्ये तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने पेपर मागे घेतला, डॉक्टरचं रजिस्ट्रेशनही गेलं. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास झाला, काहीही संबंध निघाला नाही.

पण विश्वासाचं म्हणाल तर तुमची शंका मला चुकीची वाटत नाही. मी नवीन होते तेव्हा वरून सांगायचे, आयांना "काही होत नाही" एवढंच म्हणा, आणि मीही तेच म्हणायचे. एका पाड्यावर लस दिलेल्या बाळाला आठव्या दिवशी फणफणून ताप, अंगावर बारीक पुरळ, आईला वाटलं सुईनेच गोवर दिला, पुढच्या महिन्यात गेले तर एकही दार उघडेना. खरं तर या लसीतला विषाणू जिवंत पण कमजोर केलेला असतो, काही बाळांना ६ ते १२ दिवसांनी ताप येतो आणि दोनतीन दिवसांत उतरतो. हे मी आधी सांगितलं असतं तर ती आई एवढी घाबरली नसती, मला अजून वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही विचारा. बाटली फोडायच्या आधी दाखवा म्हणा. झाकणावर एक गोल, त्यात चौकोन असतो, चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेने खराब झालेली नाही, दोन्ही एका रंगाचे झाले की ती बाद. आधीच फोडलेली असली तर वर लिहिलेली वेळ बघा, चार तासांच्या आत वापरावी लागते. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा, कारण गंभीर ॲलर्जी फार क्वचित येते पण आली तर लगेच येते. ताप लांबला किंवा झटका (फिट) आला तर दवाखाना गाठा आणि सिस्टरलाही कळवा, नोंद झालीच पाहिजे. अमेरिकेत १९९९ मध्ये रोटाव्हायरसची पहिली लस अशा नोंदींमुळेच बंद झाली, बाळांच्या आतड्यात आतडं अडकल्याच्या केसेस सापडल्या होत्या.

फक्त पुढे ढकलू नका हो, २०२२ च्या शेवटी आपल्या मालेगावात गोवर कसा पसरला ते बघितलंय. आणि सासूबाईंनाही सोबत न्या, बाटली त्यांच्याच हातात आधी द्यायला सांगा.