फाइल पुसली, तरी जागा का सुटत नाही?

प्रश्न : आमच्या लिनक्स सर्व्हरची रूट डिस्क पूर्ण भरली म्हणून एका प्रोग्रॅमची अवाढव्य लॉग फाइल ‘आरएम’ने काढून टाकली. तरीही ‘डीएफ -एच’ डिस्क भरलेलीच दाखवते आणि ‘डीयू -एसएच’ मात्र जवळपास निम्मीच जागा वापरात असल्याचे सांगते. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोघांचेही. ‘डीएफ’ थेट फाइल सिस्टिमकडून वापरातल्या ब्लॉकांचा आकडा घेते, तर ‘डीयू’ एकेक डिरेक्टरी पालथी घालून, जी नावे सापडतील तेवढ्याच फाइलींची बेरीज करते. ‘आरएम’ने जाते ते फक्त नाव. फाइलचे ब्लॉक आयनोडकडे (फाइलची माहिती ठेवणाऱ्या अंतर्गत नोंदीकडे) नोंदलेले असतात आणि एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडी धरली असेल, तोवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो आयनोड सोडत नाही. तुमच्याकडे बहुधा हेच झाले आहे.

खात्रीसाठी ‘सुडो एलएसओएफ +एल१’ ही कमांड चालवा. (यातला ‘एल’ कॅपिटल हवा.) नाव पुसले गेले तरी उघड्याच राहिलेल्या फाइलींची यादी येईल, तीत प्रोग्रॅमचे नाव, पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) व आकार दिसेल आणि ओळीच्या शेवटी ‘डिलीटेड’ असा शेरा असेल. तेवढी एकच सर्व्हिस ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट’ने पुन्हा सुरू केली की जागा तत्काळ सुटते, त्यासाठी सगळा सर्व्हर रीबूट करण्याची मुळीच गरज नाही.

यापुढे चालू लॉग फाइल पुसू नका, ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामी करा. मात्र प्रोग्रॅमने ती अपेंड पद्धतीने (दर वेळी फाइलच्या शेवटी लिहिण्यासाठी) उघडलेली नसेल, तर तो जुन्याच जागेपासून पुढे लिहीत राहतो आणि ‘एलएस’मध्ये फाइल पुन्हा पूर्वीएवढीच मोठी दिसू लागते. अशा वेळी घाबरू नये, कारण मधला भाग पोकळ असतो आणि डिस्कवर जागा घेत नाही. कायमचा उपाय म्हणजे जुने लॉग ठरावीक काळाने आपोआप बाजूला काढून पुसणारे ‘लॉगरोटेट’ नीट लावून घेणे. तो टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

‘एलएसओएफ’ची यादी रिकामी आली, तर ‘डीयू’ सुडोशिवाय (म्हणजे रूट युजरच्या अधिकारांशिवाय) चालवली होती का, हे आधी तपासा. वाचण्याची परवानगी नसलेल्या डिरेक्टरी तिच्या बेरजेतून सुटतात. दुसरी शक्यता म्हणजे माउंट पॉइंटखाली (दुसरी डिस्क जिथे जोडली आहे त्या डिरेक्टरीखाली) दडलेल्या जुन्या फाइली. त्या रूट फाइल सिस्टिम ‘माउंट --बाइंड’ने दुसरीकडे जोडल्यावर दिसतात.

शिवाय ईएक्सटी४ ही लिनक्समधली प्रचलित फाइल सिस्टिम तयार करताना सहसा ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवली जाते, त्यामुळे ‘डीएफ’मधली वापरलेली आणि उपलब्ध जागा मिळून एकूण आकार भरत नाही. १ टीबीच्या, केवळ डेटा ठेवण्याच्या डिस्कवर ही राखीव जागा ५० जीबीच्या घरात जाते. तिथे ‘ट्यून२एफएस -एम १’ने ती कमी करायला हरकत नाही. रूट डिस्कवर मात्र तिला हात लावू नका, कारण डिस्क भरल्यावर रूट युजरच्या सर्व्हिसेस आणि तुमची दुरुस्ती त्याच जागेच्या आधारावर चालतात.