थ्रीडी प्रिंटर नाही. साध्या ३×३ रुबिक क्यूबपासून घरी फिशर क्यूब बनेल का? खर्च किती? मी नागपूरला राहतो.

बनेल. फिशर क्यूब म्हणजे आतून ३×३च, पण बाहेरचं कवच उभ्या अक्षाभोवती ४५ अंश वळवलेलं, म्हणून फिरवला की आकार बिघडतो. प्रिंटरशिवाय हे होतच नाही म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. इंग्लंडच्या टोनी फिशरनं हा क्यूब १९८०च्या दशकात काढला, तेव्हा घरोघरी प्रिंटर कुठे होते? प्रिंटर फक्त बाहेरचं कवच देतो. फिरणारा सांगाडा प्रिंटरवाले पण बहुधा तयार क्यूबमधूनच घेतात.

५७ मिमीचा, काळ्या प्लास्टिकचा, स्टिकरवाला स्वस्त क्यूब घ्या. स्टिकरलेस घेऊ नका. त्याचे तुकडे रंगीत कवचं एकमेकांत अडकवून केलेले असतात, कापले की सुटतात.

आधी हिशेब समजून घ्या. प्रत्येक तुकडा १९ मिमीचा. वरची बाजू कोणती ते पेनानं पक्कं करा. आठही कोपरे आणि मधल्या थरातल्या चार कडा वरून पाहताना कर्णावर कापायच्या. बाजूचे चार मधले तुकडे आणि त्यांच्या वर-खालच्या आठ कडा यांच्यावर त्रिकोणी भर द्यायची: पाया १९ मिमी, उंची ९.५ मिमी. म्हणजे बारा कापायचे, बारा वाढवायचे, वरचा आणि खालचा मधला तुकडा तसाच. रुंदी ५३.७ मिमी होते, उंची ५७ राहते. फरक खटकला तर वरून आणि खालून १.६ मिमी घासा, पण भिंत पातळ असेल तर आतून भरून घेतल्यावरच.

कापण्याआधी भरायचं. आधी कापा, मग भरा, असं सांगणारे चूक सांगतात. तुकडा आतून पोकळ असतो. कर्णावर कापल्यावर कडेला ४५ अंशांची पातळ धार उरते आणि आत आधार नसेल तर ती तिथेच तुटते. तुकडा उघडा, आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडा, स्पिरिटनं पुसा, मगच एमसील (दोन भाग मळून लावायची एपॉक्सी पुट्टी) दाबा. गुळगुळीत प्लास्टिकवर ते धरत नाही, नंतर अख्खा गोळा निघून येतो. दोन्ही भाग सारखे घ्या आणि रंग एकसारखा होईपर्यंत मळा. आपल्याकडे मे महिन्यात ते फार लवकर आवळतं, म्हणून सुपारीएवढंच मळा आणि काम पहाटे करा. रात्रभर वाळू द्या.

मग रेषेच्या एक मिमी बाहेरून हॅक्सॉ ब्लेडनं कापा. काचेवर पेपर ठेवून ८०, २२०, ४०० असं पाणी लावून घासा. ग्राइंडर नको, प्लास्टिक वितळतं.

भरीसाठी इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमचा अँगल आणा. आत सेलोटेप लावा, एमसील दाबून लांब पट्टी पाडा, वाळल्यावर १९ मिमीचे तुकडे करा आणि ताज्या एमसीलच्या पातळ थरानं चिकटवा. फेविक्विक नको, ते फटीतून आत उतरतं आणि क्यूब जाम होतो. मधल्या तुकड्यांवर भर टोपीलाच (स्क्रूवरच्या झाकणालाच) चिकटवा, स्क्रूवर नाही. टोपी निघाली नाही तर स्क्रू सैल-घट्ट करता येणार नाही.

रंग फवारू नका, थर एकमेकांना चिकटतात. गाडीच्या नंबर प्लेट करणाऱ्याकडून सहा रंगांचं रेडियम घ्या.

जोडताना सोडवलेल्या स्थितीतच जोडा. कसाही जोडला तर सुटण्याची शक्यता सहात एकच. सोडवताना शेवटी एकच कड उलटी दिसली तर क्यूब उघडू नका. मधल्या थरातली कड एकरंगी असते, ती उलटी बसली तरी दिसत नाही. तिच्यासोबत अशी एक उलटवा, तोड निघते.

खर्च? क्यूब, एमसील, पेपर, रेडियम, बस. तयार विकत घेणं बहुधा स्वस्त पडेल, पण तुम्ही बनवण्याबद्दल विचारलंय.

हो, घासताना मास्क लावा आणि एमसील मळताना हातमोजे घाला. आणि हे सगळं ५७ मिमीच्या क्यूबचं गणित आहे, दुसऱ्या मापाचा असेल तर मापं त्याच प्रमाणात बदला.