खिडकीच्या आतली माणसं

प्रश्न : इंदूरच्या एका शाळेत मी क्लार्क आहे, वय ४४. प्रवेशाच्या दिवसांत घरी आले की मुलांशीसुद्धा बोलावंसं वाटत नाही. काल एका मुलाचं आडनाव आधारवर 'देशपांडे' आणि समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकात) 'देशपाण्डे' निघालं, पोर्टल नोंदच घेईना. वडील माझ्यावर ओरडून गेले. काम तर बसूनच असतं, मग एवढा थकवा कशाचा?

उत्तर : बसून असतं, पण सलग कुठे असतं? खिडकीवर वडील, आतून यू-डायसचे, म्हणजे शाळेच्या सरकारी माहितीचे, आकडे मागणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई, मध्येच फोन. चूक तुमची एकही नाही, बोलणी मात्र तुम्हालाच. चेहरा हसरा ठेवून ती झेलणं हीसुद्धा मेहनतच. बाईंकडे एकच मागा : रोज दुपारी एक तास खिडकी बंद, पोर्टलचं काम तेव्हाच. तशी पाटी लावा. आठवडाभर कुरकुर होईल, मग लोक वेळ बघून येतील. आणि घरी पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही, हे मुलांना सरळ सांगून टाका. कळतं त्यांना.

प्रश्न : विद्यापीठाच्या परीक्षा विभागात २३ वर्षं काढली, आता बीपीची गोळी सुरू झाली. साहेब म्हणतात, "टेन्शन आम्हाला, तुम्ही बाबू लोक संध्याकाळी मोकळे." खरं आहे का?

उत्तर : साहेबांना लंडनची गोष्ट सांगा. तिथल्या सरकारी नोकरांवर १९६७ मध्ये 'व्हाइटहॉल' अभ्यास सुरू झाला. हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा आजार, असाच तेव्हा समज होता. निघालं उलटं. हृदयविकाराने दगावण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीत सुमारे तिप्पट होतं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही फरक पुरता मिटला नाही. १९८५ च्या दुसऱ्या अभ्यासातून एक कारण ठळकपणे पुढे आलं : आपल्या कामावर आपला ताबा किती. तुमचंच बघा ना. निकालाची तारीख वर ठरते, ती चुकली की विद्यार्थ्यांच्या घोषणा तुमच्या दाराशी.

साहेबांवरच्या रागापायी गोळी मात्र चुकवू नका. आणि सकाळच्या पोह्यांवरची शेव निम्मी करा, तिच्यात मीठ फार. इंदूरकराला हे सांगणं म्हणजे पापच, पण इलाज नाही.

प्रश्न : खासगी शाळेत लेखापाल म्हणून सहा वर्षं आठ महिने झाली, आता राजीनामा देतोय. ग्रॅच्युइटी फक्त शिक्षकांना असते म्हणे?

उत्तर : उलट, तुम्ही आधी होतात! १९९७ मध्ये दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या शैक्षणिक संस्थांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू झाला. शिक्षक 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं आणि २००९ च्या दुरुस्तीने त्यांना आत घेतलं. कारकून-शिपायांबद्दल वाद नव्हताच. मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचं पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची सात. २०,८०० पगार असेल तर ८४,००० होतात. अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. दुसऱ्यांना इतकी वर्षं तुम्ही तेच सांगत आलात ना?