चिकटली ती पेन्सिल, आलेख नव्हे

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. ‘य = २ चा क्ष-वा घात’ याचा आलेख काढताना डावीकडे तिची रेघ क्ष-अक्षाला चिकटली आणि गुण गेले. वर तिनं मला विचारलं, ‘बाबा, क्ष ऋण असताना य ऋण का होत नाही?’ मी पडलो कॉमर्सवाला, गप्प बसलो.
— एक पालक, सांगली

उत्तर : गप्प बसलात ते बरं केलंत. ‘असंच असतं, पाठ कर’ म्हणणारे पालक मी नोकरीत भरपूर पाहिले.

आलेखाची वही काढा. दोन्ही अक्षांवर १ सेंमी म्हणजे १ एकक धरा. क्ष शून्य असताना उंची १ सेंमी. तिथून एक घर उजवीकडे सरकलं की उंची दुप्पट, एक घर डावीकडे सरकलं की निम्मी. घातांकी फल म्हणजे एवढंच. घातांकातलं उणे चिन्ह ‘डावीकडे चल’ म्हणतं, ‘खाली उतर’ म्हणत नाही. भाकरी कितीदाही निम्मी करा, तुकडा बारीक होत जाईल. उणे भाकरी काही हाती येणार नाही.

आता चिकटण्याचं. क्ष = −५ ला उंची १/३२ सेंमी, म्हणजे जेमतेम ०.३ मिमी. मुलीच्या पेन्सिलीचं शिसं ०.५ मिमीचं असेल, तर रेघच उंचीपेक्षा जाड! बिचारीनं करायचं काय? मी गुण कापले नसते. शेजारी ‘अक्षाला टेकत नाही’ एवढं लिहून घेतलं असतं.

उजवीकडची गंमतही तिला दाखवा. क्ष = १० ला उंची १०२४ सेंमी, म्हणजे तिमजली इमारतीएवढी. क्ष = २० ला साडेदहा किलोमीटरच्या आसपास; एव्हरेस्ट ८.८५ किलोमीटरवर संपतो. आणि आडवे सरकलो किती, तर २० सेंमी.

बिंदू जोडताना मात्र पट्टी लावू देऊ नका. ० आणि १ यांच्या मधोमध पट्टी १.५ उंची दाखवेल. खरी उंची २ चं वर्गमूळ, १.४१. फरक मिलिमीटरभरही नाही, पण रेघ तिथं सरळ दिसली की तपासणाऱ्याचं लाल पेन थांबतंच. माझंही थांबायचं.