हिशेबाच्या वहीतली चपटी

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे. नऊ वर्षांपासून एकच गडी माझ्याकडे सालाने आहे. छाटणीला त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. पण दारूने त्याची पार रया गेली. सकाळी हात इतके थरथरतात की कात्री धरवत नाही, जेवण तुटले आहे, अंगावरची उचल वाढत चालली आहे. जरा धाकात ठेव, असे त्याच्या बायकोला कितीदा सांगितले, पण तिच्याच्याने ते होत नाही. मी त्याला कधी अंतर दिले नाही. मुलीच्या फीला पैसे दिले, दवाखाना केला; रोज संध्याकाळची दारूची चपटीसुद्धा मीच आणून ठेवतो आणि हिशेबात धरतो, म्हणजे तो गुत्त्यावर जाऊन पडत नाही. गेल्या वर्षी छाटणीनंतर काड्यांना फुटव्याची पेस्ट लावायच्या दिवसांत मात्र तो बागेतच दोनदा कोसळला. आता छाटणी तोंडावर आली आहे. त्याला आठ दिवस शेडमध्ये कोंडून दारू सोडवावी, की सरळ काढून टाकावे?
— एक बागायतदार

उत्तर : तुमच्या पत्रात फी आहे, दवाखाना आहे, बायकोविषयीची तक्रार आहे, आणि या सगळ्यांच्या मध्ये, जाता जाता लिहिलेले एक वाक्य आहे : रोज संध्याकाळची चपटी तुम्ही आणून ठेवता आणि हिशेबात धरता. हे तुम्ही उपकारांच्या यादीत घातले आहे. ते आधी तिथून काढा.

गुत्त्यावर जाणाऱ्या माणसाच्या वाटेत निदान काही अडथळे तरी येतात. एखाद्या दिवशी खिशात पैसे नसतात, एखाद्या दिवशी दुकान बंद असते, कधी वाटेत पोरगी आडवी येते, आणि तेवढ्याने का होईना, एखादी संध्याकाळ कोरडी जाते. तुम्ही ते सगळे अडथळे दूर केलेत. एकशे ऐंशी मिलिलिटर देशी, रोज, ठरलेल्या वेळी, उधारीवर, कामाच्या जागी. त्यातून तुम्हाला काय मिळाले, हेही स्पष्ट बोलू या. छाटणीच्या दिवसांत मजुरांच्या टोळ्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर सांगतील तो दर द्यावा लागतो. तुमचा गडी मात्र सकाळी बागेत हजर असतो. पाडव्याला त्याचे साल, म्हणजे वर्षभराची मजुरी, ठरते तेव्हा मागची बाकी पुढे ओढली जाते, आणि त्या बाकीत आगाऊ घेतलेल्या उचलीबरोबर चपटीही असते. बाकी फिटेपर्यंत त्याला तुम्हाला सोडता येत नाही, आणि तुमच्याकडे असेपर्यंत बाटली सुटत नाही. मजुरी रोखीने द्यावी, हे किमान वेतन कायद्याने १९४८ सालीच सांगितले होते, आणि त्यामागे मजुराला मालकाच्या हातून असेच काहीबाही घ्यावे लागू नये हाच विचार होता.

बाटली तुमच्या शेडमध्ये आणि पैसा तुमच्या वहीत. मग त्या बाईने नवऱ्याला धाक कशाचा दाखवायचा? दिवसभर दुसऱ्याच्या बागेत विरळणी करून ती घरी येते, तेव्हा तो तुमच्याकडूनच पिऊन आलेला असतो. तिच्याविषयी तुमच्याकडून मला यापुढे एक शब्दही ऐकायचा नाही.

तो पेस्टच्या दिवसांत कोसळला, हे तुम्ही एका ओळीत उरकले आहे. त्याला जास्त झाली असेल, असा अंदाज तुम्ही केला असावा. छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांवर, म्हणजे जिथून फुटवा येतो तिथे, लावतात त्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असते, आणि ते श्वासावाटे किंवा कातडीतून अंगात गेल्यावर दारू पचवण्याच्या क्रियेतच आडवे येते. दारूपासून यकृतात जे विषारी द्रव्य तयार होते, त्याचा पुढे निचरा होत नाही आणि ते रक्तात साठत जाते. तोंड लालभडक होते, छातीत धडधडते, धाप लागते, ओकारी होते, रक्तदाब एकदम उतरतो. याच गुणामुळे सायनामाइड काही देशांत दारूची धास्ती बसावी म्हणून औषध म्हणूनही देत आले आहेत. पेस्ट हाताळण्याच्या आधी आणि नंतर मद्य घेऊ नये, ही सूचना पेस्टच्या त्या रसायनाबरोबर दिलेली असते. तो त्यामुळेच कोसळला असण्याचा दाट संभव आहे, आणि दिवसा पेस्टची बादली व संध्याकाळी चपटी, दोन्ही त्याच्या हाती देणारे तुम्हीच होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. शेडमध्ये त्याला कोंडू नका. सकाळी हात थरथरतात याचा अर्थ त्याचे शरीर आता दारूवाचून चालेनासे झाले आहे. अशा माणसाची दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो. तो नसलेली माणसे पाहतो, अंग तापते, घामाने भिजतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. म्हणून पश्चात्ताप म्हणून आज रात्रीची बाटली ओतून टाकण्याचा शूरपणाही करू नका. दारू सोडवायची ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, झटके येऊ नयेत म्हणून दिलेली आणि हळूहळू कमी केलेली औषधे व बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने चालू असताना.

म्हणून छाटणी आठ-पंधरा दिवस पुढे ढकला आणि उद्या सकाळी त्याला स्वतःच्या गाडीत घालून सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात घेऊन जा. पुतण्याला किंवा ड्रायव्हरला पाठवू नका. तुम्हीच जा, त्याच्या बायकोला बरोबर घ्या, आणि ती वहीही घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील : रोज किती, आणि किती वर्षे? पिणारा माणूस याचे उत्तर कमी करून सांगतो, घरच्यांना पक्के ठाऊक नसते. तुमच्याकडे मात्र एकेका संध्याकाळची नोंद आहे. ती वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवा आणि ही सगळी दारू मी दिलेली आहे, असे त्याच्या बायकोदेखत सांगा. लाज वाटेल. वाटू द्या. वाटेत काही अडले, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

काढून टाकण्याचा विचार मला तुमच्याकडून या क्षणी ऐकवतच नाही. नऊ वर्षे ज्याच्या हातावर तुमची बाग उभी राहिली, त्याचा हात थरथरू लागल्यावर त्याला बांधावरून परत पाठवणार, आणि तो पुढे कुठल्या मालकाच्या शेडमध्ये जाऊन पडला ते पाहणारही नाही?

तो बरा होईलच असे वचन मी देत नाही. पुन्हा पिऊही शकतो. या आजारात ते घडते, आणि घडले तर त्याला पुन्हा तिथेच न्यायचे असते. पण तो रुग्णालयात असतानाच वहीतील चपटीचे सगळे आकडे त्याच्या बाकीतून खोडा, कारण ते त्याचे देणे नव्हेच. यंदा पेस्टचे काम त्याला अजिबात देऊ नका. आणि पाडव्याला नवे साल ठरवाल तेव्हा त्याच्या बायकोला समोर बसवा, आकडा तिच्यासमोर बोला, आणि पैसे तिच्या हातात किंवा तिच्या बँकेच्या खात्यात द्या.