मध्ययुग अभ्यासायचं तर आधी कागद की उत्खनन?

तुम्ही विचारलंय, मध्ययुगीन महाराष्ट्राचा अभ्यास करायचा तर आधी मोडी-फारसी शिकावी की पुरातत्त्व. हाच वाद आमच्या घरात कित्येक वर्षं जेवताना चालला, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. वावराला लागून एक रीठ आहे. नाव तेवढं सरकारी दप्तरात उरलंय, वस्ती काही नाही. मोठे बाबा सांगायचे, पेंढाऱ्यांनी जाळलं ते गाव. इकडच्या कितीतरी रिठींबद्दल हीच गोष्ट सांगतात. मी एम.ए.ला असताना तिथली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती, ट्रॉल्या भरभरून शेतात जायला लागली आणि टेकाडाची एक बाजू उभी कापली गेली. मी संध्याकाळी जाऊन बघत बसायचे. शेणाने सारवलेल्या जमिनी एकीवर एक, चुलीची राख, खापरं, आणि दोन-तीन रंगांच्या काचा एकत्र वळलेल्या बांगड्यांचे तुकडे. अशा बांगड्या दख्खनेत बहमनी काळाच्या (चौदावं-पंधरावं शतक) थरांत निघतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1945-46 च्या उत्खननातही निघाल्या. गाव जळालं असतं तर वरच्या थरात भाजून लाल झालेली माती, कोळसा दिसायला हवा होता. तो नव्हता. आणि एकही चिलीम नव्हती.

चिलमीला मी फार महत्त्व देते. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराच्या दरबारात ती विजापूरहून पोचली तेव्हा सतरावं शतक नुकतं लागलं होतं. आमच्या गावात जुनी भिंत पाडली की मातीच्या चिलमीचे तुकडे निघतातच. पेंढाऱ्यांचा धुमाकूळ 1818 पर्यंतचा. तोवर ती वस्ती नांदती होती म्हणायचं, तर दोनशे वर्षं तिथे कोणी तंबाखू ओढलीच नाही असं मानावं लागेल. मोठे बाबा म्हणाले, "काहाची चिलीम घेऊन बसली वं माय! कागद दाखव मले." कॉलेजातले एक सरही म्हणाले, खापरं म्हणजे इतिहास नव्हे. त्याचा मला आजही राग आहे.

कागदच घ्यायचा तर ऐन-ए-अकबरी घ्या, अकबराच्या राज्यकारभाराची अबुल फजलने लिहिलेली नोंद. वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत (तेव्हाचे जिल्ह्यासारखे भाग) पवनार आहे, त्याच्या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी असल्याचं लिहिलंय, महसुलाचे आकडे आहेत. तो महसूल भरणारा कशात शिजवत होता, त्याच्या बायकोच्या हातात काय होतं, हे त्यात नाही. ते टेकाडात आहे. पवनारला नागपूर विद्यापीठाने 1967 मध्ये उत्खनन केलं, त्याचा अहवाल आणि ऐन शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

उलट बाजूही खरी. खापर शतक सांगतं, साल सांगत नाही. आमच्या रिठीचा संबंध 1630 च्या दुष्काळाशी जोडायचा मोह मला होतो, पण तसं म्हणायला लिखित आधार लागेल. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्यावर लेख आहे म्हणून 1487 हे साल ठामपणे सांगता येतं. विदर्भात तर महानुभावांची स्थानपोथी आहे. चक्रधर स्वामी कुठल्या गावात, कुठल्या देवळात राहिले, ते कोणत्या दिशेला, सगळं त्यात नोंदलंय. ती घेऊन ऋद्धपूरला फिरा. असा मार्गदर्शक दुसरा नाही. आणि चुन्याविना रचलेलं प्रत्येक देऊळ हेमाडपंतांच्या नावावर टाकणं बंद करा. अंबरनाथच्या देवळातला लेख शके 982 (इ.स. 1060) चा आहे, हेमाद्रीच्या, म्हणजे याच हेमाडपंतांच्या, दोनशे वर्षं आधीचा.

मोडी आधी शिका, ती लवकर येते. फारसीला सुरुवातीला भाषांतरं चालतील. पण त्याच वर्षी तालुक्यातल्या रिठींची यादी काढा, बंदोबस्त मिसल (इंग्रजी काळातली गावागावाची जमीन-महसुलाची नोंद) बघा आणि पांढरी विकली जायच्या आत तिथे पोचा. घरातल्या थोरांनी कागद मागितला तरी थांबू नका.

एक मात्र आहे. चिलीम न सापडणं हा भक्कम पुरावा नव्हे. मी टेकाडाची एकच बाजू पाहिली आहे. आणि स्वतः खणू नका, पृष्ठभागावर दिसेल त्याचा फोटो आणि जागा नोंदवा. नाणी किंवा गुप्तधन सापडलं तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.